समुद्राकडे कललेल्या मिरच्या

२०२१ च्या मार्चमध्ये आमच्या वाडीतल्या मिरच्यांनी मला वेड्यात काढलं. समुद्र आमच्या पश्चिमेला, दुपारचा वाराही पश्चिमेचा. रोपं कलायचीच तर पूर्वेला, घराच्या बाजूला कलायला हवीत. पण कुंपणालगतच्या दोन ओळी चक्क उलट्या, समुद्राकडे वाकून उभ्या. आधी वाटलं, कुत्री लोळली असतील. मग वाटलं, पाणी जास्त झालं असेल, मुळं सैल पडली असतील. रोपं सरळ केली, प्रत्येकाला काठी दिली. तिसऱ्या दिवशी काठ्यांसकट पुन्हा तेच.

दोष मिरच्यांचा नव्हता. दोष त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सात फुटी चिरेबंदी भिंतीचा होता. ती भिंत मी बांधून घेतली होती, स्वतःच्या पैशांनी आणि घरातल्या सगळ्यांचा विरोध मोडून.

भिंत का बांधली तेही सांगायला हवं. श्रीवर्धन तालुक्यातली ही वाडी सासरची, १८ गुंठ्यांची, लांबट. समुद्राकडची बाजू जेमतेम नव्वद फूट. बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवली सोडून आम्ही दोघं इथे आलो तेव्हा वाडीत भर दुपारी दिवा लावावा इतकी सावली होती. वर माड, मधे पोफळी, त्यांच्यावर मिरवेली, खाली केळी आणि अळू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा म्हणजे काय ते आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बसून ऐकलं. संध्याकाळी बाहेर आलो तर निम्म्याहून अधिक पोफळी कमरेत मोडलेल्या, किनाऱ्यावरची सुरूची रांग आडवी, आणि मागच्या दारातून थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो दारातून कधी दिसला नव्हता. पर्यटकांना कौतुक वाटेल. मला धडकी भरली.

झाडं गेली तशी रोज वाळू घरात यायला लागली. पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर वाळू, उशीवर वाळू, दळणात वाळू. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर वाऱ्याला आडवं काहीतरी हवंच होतं. त्या हिवाळ्यात मी गवंडी लावला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे जे म्हातारे गृहस्थ आहेत, ते चिऱ्यांची गाडी उतरताना बघून एवढंच म्हणाले, “वैनी, वारा म्हंजे काय पाव्हणा हाय, दार लावलेलं बघून परत जायला?” मी हसले. बँकेत तीस वर्षं काढल्यावर माणसाला आपण प्रत्येक गोष्टीचा हिशेब केला आहे असं वाटायला लागतं.

मिरच्यांचा प्रकार झाल्यावर मी एक उद्योग केला, तो वाचकांनीही करून पाहावा. जुन्या परकराच्या पट्ट्या फाडल्या, काठ्यांना बांधल्या आणि भिंतीपासून घरापर्यंत दर दहा फुटांवर एक काठी रोवली. दुपारी बारानंतर खारा वारा चढला तसा तमाशा सुरू झाला. भिंतीपासून पहिल्या दोन काठ्यांवरच्या पट्ट्या समुद्राकडे फडफडत होत्या. चाळीस-पन्नास फुटांवरच्या पट्ट्या एका दिशेला टिकतच नव्हत्या. वर, खाली, काठीभोवती गुंडाळी. आणि त्यापुढे वारा जसा भिंत नसताना यायचा तसाच सरळ घराकडे. मी चहा घेऊन तासभर तिथेच बसले. भिंतीवरून वर चढलेला वारा पलीकडे जाऊन खाली कोसळत होता, आणि त्यातला काही मागे वळून भिंतीच्या पायथ्याशी येत होता. माझ्या मिरच्या बरोबर त्या उलट्या वाऱ्यात उभ्या होत्या.

यात नवीन शोध काही नाही. शेतीच्या पुस्तकात हे असतंच: भरीव अडथळा वाऱ्याला उचलतो आणि मागे भोवरे तयार करतो, निम्मा भरीव, निम्मा पोकळ अडथळा वाऱ्याला आपल्यातून जाऊ देतो, पण दमवून. अशा अडथळ्याची सावली, म्हणजे वाऱ्यापासूनची सावली, त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगली पडते. आठ फूट उंच ताटी असेल तर ऐंशी फूट. त्यातला हिशेब तर बँकवालीलाही आवडावा असा आहे: वाऱ्याचा वेग निम्मा झाला की झाडावर पडणारा त्याचा रेटा चौथाईवर येतो. वेग शून्यावर आणायची गरजच नसते. तो शून्यावर आणायच्या हट्टापायी मी घातलेला पैसा आठवला की अजून पोटात गोळा येतो.

त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर, दूरवरून गुजरातकडे गेलं. तरी भिंतीमागची केळीची सहा खुंटं झोपली. भिंतीला मात्र तडाही गेला नाही. त्यानंतर मी तोच गवंडी परत बोलावला आणि वरचे चार फूट उतरवून घेतले. त्याने काम चोख केलं, पण गावात ही गोष्ट अजून सांगितली जाते. बांधायचे पैसे दिले, पाडायचेही दिले, अशी बाई.

सासूबाई असत्या तर त्यांनी हे आधीच सांगितलं असतं. त्यांच्या काळात वाडीला कमरेएवढा गडगा असे, सुक्या चिऱ्यांचा, चुना-सिमेंट काही नाही. चिऱ्यांच्या सांध्यांतून वारा जायचा, पावसाचं पाणी जायचं, सरडेही जायचे. गडग्यावर वई. निर्गुडी, कोयनेल, मधे मधे पांगाऱ्याचे आणि भेंडीचे खुंट, आणि या सगळ्यावर जे चढेल ते: घोसाळी, चवळी, गुळवेल, कुठे जाई. ये-जा करायला बेडं. पावसाआधी घराच्या पश्चिम बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. ते झाप मी नवी नवरी असताना गावंढळ वाटायचे. त्यातलं एकही साधन वाऱ्याला पुरतं अडवत नव्हतं, हे ध्यानात यायला मला साठ वर्षं लागली.

तर आता भिंत उतरवल्यावर उभारलेल्या वेलींच्या ताटीबद्दल, कारण मला खरं तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

उरलेल्या तीन फुटी भिंतीच्या आतल्या बाजूला, हातभर अंतर सोडून, दर सहा फुटांवर एक असे सोळा खांब. लोखंडी पाईप घालावेत असं सगळे म्हणत होते. आमच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते कळायला गेटच्या बिजागऱ्या बघाव्यात. वादळात पडलेल्या पोफळींचे सोट मी पडवीत रचून ठेवले होते, तेच घेतले. बूड दोन-अडीच फूट जमिनीत जाईल तेवढं आधी विस्तवावर काळं करून घेतलं, त्यावर डांबर. वाळवी येतेच, पण उशिरा येते. शिवाय प्रत्येक सोटाशेजारी पावसाच्या सुरुवातीला गिरिपुष्पाची मनगटाएवढी जाड फांदी रोवली. ती जीव धरते, पालवते आणि दोन-तीन वर्षांत स्वतःच खांब होते. मेलेला खांब कुजेपर्यंत जिवंत खांब तयार, अशी ही सोय. आणि तिची कल्पना अर्थात माझी नव्हे, त्या पाव्हण्यावाल्या म्हाताऱ्यांची.

खांबांवर कळकाच्या चिरफळ्या आडव्या-उभ्या, एक वीत अंतराने. पहिल्यांदा मी त्या चार बोटांवर लावायला सांगितल्या होत्या. ताटी भरगच्च दिसावी म्हणून. पण भरायचं काम पानांचं असतं. लाकूडच दाट झालं तर वेल वाढल्यावर तीही भिंतच. बांधायला तार वापरली नाही, काथ्याचा सुंभ वापरला. तार गंजून तुटते आणि तुटायच्या आधी वेल कापते. सुंभ दोन वर्षांत झिजतो, तो आगोटीच्या कामात बदलून टाकायचा. पावसाआधीच्या बेगमीची यादी आता अशी: पापड-कुरडया, सुकी मासळी, लाकूडफाटा आणि सुंभ.

वेल निवडताना मी पुन्हा एकदा चुकले. मृग लागला तसं घोसाळी, दोडका, कारली, चवळी सगळं पेरलं आणि ऑगस्टमध्ये ताटी हिरवीगार झाली. फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पण आमच्याकडे वाऱ्याचा सगळ्यांत जास्त जोर जून-जुलैत असतो, आणि दुपारचा खारा वारा फेब्रुवारीपासून मेपर्यंत छळतो. पावसाळी भाजीच्या वेली जूनमध्ये वितभर असतात आणि दिवाळीनंतर वाळून जातात. म्हणजे पहारेकरी चोर येऊन गेल्यावर हजर, आणि पुन्हा यायच्या आत रजेवर. ताटीचा कणा बारमाही वेलींचाच हवा; भाजी ही वरकमाई.

बारमाही म्हणजे कोणत्या, तर ज्या खारं सोसतील त्या. समुद्राकडच्या तोंडाला बोगनवेल. तिचे काटे सोडले तर तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पाणी नको, खत नको, खाऱ्या वाऱ्याने पान करपत नाही. किनाऱ्यावर उघड्या वाळूत मर्यादवेल वाढते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती जमिनीवर पसरणारी, ताटीवर चढवायला तिच्या मागे लागू नये. तिचं काम वाळू धरायचं आहे आणि ती तिथेच असू द्यावी. बोगनवेलीच्या आड, आतल्या बाजूला गुळवेल आणि मधुमालती. मधुमालतीचा घोस संध्याकाळी उमलतो तेव्हा पांढरा असतो, सकाळी गुलाबी होतो आणि पुढे गडद लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबत असतात. वाऱ्यासाठी लावलेल्या वेलीचा वास रात्री ओटीपर्यंत येतो. हे हिशेबात धरलेलं नव्हतं.

मात्र मधुमालतीला मोकळं सोडू नये. तिसऱ्या वर्षी ती इतकी माजली की ताटीतून पलीकडचं काही दिसेना. मला अभिमान वाटला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्याच जोरदार वाऱ्यात, दोन खांब बुडातून उखडून अख्खा तुकडा अळवावर पडला. दाट पाला म्हणजे शीड. तेव्हापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोयती घेऊन निम्मा पाला उतरवायचा नियम केला आहे. खूण सोपी: ताटीमागे उभं राहून समुद्राकडे बघायचं. समोरच्या माणसाचं लुगडं कुठल्या रंगाचं ते कळलं पाहिजे, चेहरा ओळखू आला नाही तरी चालेल.

आणखी दोन गोष्टी अनुभवाने शिकले. ताटीची टोकं मोकळी सोडली तर तिथून वारा आधीपेक्षा जोरात घुसतो. दोन्ही टोकं आतल्या बाजूला दहा-बारा फूट वळवून घ्यावी लागतात. आणि वाऱ्याचा मोठा दिवस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या पाण्याने पानं धुवायची. पानांवर बोट फिरवून जिभेला लावून बघा, मीठ कळतं.

आता आक्षेप. वेलींत साप येतात, हे मला आठवड्यातून एकदा कोणीतरी सांगतं. येतात. गडग्यातही यायचे. चिऱ्यांच्या ढिगात तर जास्त येतात. वेलीखालची जमीन झाडून स्वच्छ ठेवली की दिसतात, आणि ते त्यांच्या वाटेने जातात. दुसरा आक्षेप माकडांचा, आणि त्यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. दोडके, काकडी, चवळी त्यांच्या तावडीतून वाचत नाहीत. आमच्याकडची माकडं कारल्याला अजून तोंड लावत नाहीत, म्हणून आता भाजीत फक्त कारली. घरातले कंटाळले आहेत. तिसरा आक्षेप असा की, असल्या ताटीने वादळ अडतं का? नाही अडत. पुन्हा निसर्गसारखं वादळ आलं तर ताटी पहिल्या तासात जाईल. पण वादळ दहा वर्षांतून एखादं. खारा वारा दर वर्षी, महिनोन्‌महिने, रोज दुपारी. आणि ताटी गेली तर अंगावर पडून माणूस मरत नाही, ती चार दिवसांत परत उभी राहते. भिंतीचं हे सांगता येणार नाही.

माझी तक्रार गावाशी आहे आणि थोडी सरकारशीही. निसर्गनंतर आमच्या बाजूच्या गावांतून भिंतींची लाटच आली. काही घाबरून बांधल्या, माझ्यासारख्या. काही पर्यटकांच्या खोल्यांना आडोसा म्हणून. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना सात-आठ फुटी भिंती झाल्या, आणि ज्या पाखाडीतून सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन निवांत जायच्या तिथे आता दुपारी छत्री उलटी होते. दोन भिंतींच्या मधे सापडलेला वारा वेग घेतो. ज्याने भिंत बांधली त्याच्या अंगणात कदाचित शांतता असेल. त्याने ढकललेला वारा शेजाऱ्याच्या पोफळीत जातो. याचा विचार घराच्या परवानगीच्या वेळी कोणी करत नाही. छत किती, संडास कुठे, हे विचारतात. समुद्राकडची भिंत किती उंच, हे कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतींनी तेवढं विचारायला सुरुवात करावी. पश्चिमेचं भरीव कुंपण कमरेएवढं, वर हवं तर ताटी, जाळी, वई, काहीही, पण आरपार दिसणारं.

निसर्गनंतरच्या सरकारी पंचनाम्यालाही असाच डोळा नव्हता. मोडलेले माड मोजले, पोफळी मोजल्या, घराची कौलं मोजली. वईच्या रकान्याला जागाच नव्हती. त्यानंतर नवी रोपं लावा असं सांगण्यात आलं, ते योग्यच होतं; पण कोवळ्या पोफळीला नैऋत्येचं ऊन आणि समुद्राचा वारा दोन्ही सोसत नाहीत, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. रोपांबरोबर त्यांच्या पश्चिमेला वेलींची ताटी उभी करायला चार पैसे मिळाले असते तर कितीतरी रोपं पहिल्या उन्हाळ्यात करपली नसती. आमची पहिल्या वर्षीची चाळीस रोपं भिंतीमागे लावली होती, त्यातली सतरा जगली. ताटी झाल्यावर तीस लावली, त्यातली दोन गेली. ही एका वाडीची गोष्ट आहे, तेव्हा यावरून कोणी शास्त्र करू नये. पण मी हिशेब लिहून ठेवला आहे.

शहरातल्या वाचकांनी गच्चीवर हा प्रयोग जरूर करावा, पण जपून. आठव्या-दहाव्या मजल्यावरचा वारा वेगळा असतो. कठड्याला बांधलेली दाट हिरवी जाळी किंवा माजलेली वेल हीही शीडच, आणि ती कठड्याला ओढते. छातीएवढीच ठेवा, विरळ ठेवा, कुंडी जड ठेवा. गोकर्ण पुरे. मधुमालतीच्या नादी लागू नका.

गेल्या भाद्रपदात गौरी-गणपतीला, ताटीमागच्या केळीची अकरा पानं मी स्वतः कापली. टोकापासून देठापर्यंत एकही चीर नसलेली. आधीची तीन वर्षं नैवेद्याची पानं मी बाजारातून विकत आणत होते, वाडी असून. पाव्हण्यावाल्या म्हाताऱ्यांना पहिलं पान वाढलं. ते भिंतीबद्दल काही बोलले नाहीत, कारल्याच्या भाजीबद्दल बोलले.

भिंतीचे उतरवलेले चिरे अजून विहिरीजवळ रचून ठेवले आहेत, नव्वद फुटांचे, चार फूट उंचीचे. कोणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. अट एकच आहे: समुद्राच्या बाजूला तीन फुटांच्या वर लावायचे नाहीत.